थोरलीचं पडणं

थोरलीइतकं चांगलं पडायला त्या हॉलमध्ये कुणालाच जमायचं नाही. पडण्यात कसलं आलंय कौशल्य, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कुणाच्या तरी खांद्यावरून आपटून घ्यावं, मग आपण बोलू. ज्युदोत पाडणारीला जेवढं शिकावं लागतं तेवढंच पडणारीलाही. समोरचीने बाही आणि कॉलर धरली, गर्रकन वळून आपली पाठ हिच्या पोटाला लावली, की हिने अंग जड करायचं नाही. टाचा उचलायच्या, तिच्या जोराबरोबर तिच्या पाठीवरून निघायचं, आणि पाठ गादीला लागते न लागते तोच मोकळा हात गादीवर फाडकन मारायचा. तो फटका नीट बसला की हाडांना काही होत नाही. थोरलीचा फटका इतका स्वच्छ वाजायचा की नवीन पोरी आल्या की मास्तर त्यांना डोळे मिटून तो ऐकायला लावायचे.

आणि पाडायची कोण, तर धाकटी. थोरलीची सख्खी बहीण.

त्यांची आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. वडील दोघी लहान असतानाच गेले. शाळा सुटल्यापासून आईची पाळी संपेपर्यंत पोरींना ठेवायचं कुठे, हा रोजचा घोर. लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत ज्युदोचा हॉल होता. मास्तर म्हणजे दोन्ही कान गादीवर घासून घासून चुरगळलेला, आवाजाने तापट पण हाताने जपणारा माणूस. आईने दोघींना त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत जरा बघा यांच्याकडे." मास्तरांनी जे बघायला सुरुवात केली ते पुढे कित्येक वर्षं बघतच राहिले.

सुरुवातीला दोघी एकमेकींशी खेळायच्या आणि थोरली जास्त वेळा जिंकायची. हे आता हॉलमध्ये कुणाला आठवत नाही. थोरलीला आठवतं. मग धाकटीच्या हाताला ती खांद्यावरची फेक लागली, आणि काय लागली! डोळ्याचं पातं लवायच्या आत पोरगी वळलेली असायची. हॉलमधल्या बाकीच्या पोरी तिच्यासमोर उभं राहायला काचकूच करू लागल्या. तेव्हा मास्तरांनी थोरलीला बाजूला घेतलं.

"हिला रोज कुणीतरी समोर हवं. परक्या पोरी घाबरतात. तू बहीण आहेस."

"किती दिवस?" थोरलीने विचारलं.

"बघू," मास्तर म्हणाले.

ती हो म्हणाली. एखाद-दुसरा महिना असेल, असं तिला वाटलं होतं. त्यानंतर धाकटी राज्यात पहिली आली, देशात पहिली आली, परदेशी जाऊन पदकं घेऊन आली, आणि थोरली रोज पडत राहिली. सकाळी पडायची, मग आईच्या ओळखीने लागलेल्या लॉन्ड्रीच्या कामावर जायची, आणि संध्याकाळी परत येऊन पडायची. लॉन्ड्रीत तिच्याकडे ओल्या चादरींचं काम होतं. मोठ्या ड्रममधून पिळवटलेल्या चादरींचा गुंता ओढून काढायचा, एकेक सोडवायची, झटकायची आणि गरम रोलरच्या तोंडाशी सरळ धरून द्यायची. त्या कामाने तिच्या बोटांत अशी पकड आली होती की मास्तर म्हणायचे, हिने बाही धरली की कापड फाटेल पण बोट सुटणार नाही. मात्र ती पकड वापरायची वेळ तिच्यावर येतच नव्हती. पडणारीने धरायचं ते नावापुरतं.

धाकटीबरोबर तिलाही परदेशी नेत. कारण सामन्याच्या आधी अंग गरम करायला कुणालातरी पाडावं लागतं. गळ्यात अडकवायला तिला एक कार्ड मिळायचं, वेगळ्या रंगाचं. त्या कार्डावर फक्त सरावाच्या हॉलपर्यंत जाता यायचं. पुढे एक दार असायचं, दाराशी एक माणूस असायचा, आणि तो कार्डाचा रंग बघून मान हलवायचा. कितीतरी देशांतले सरावाचे हॉल तिने पाहिले. खरी गादी तिने पाहिली ती भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत. धाकटी जिंकली की तिथेच, त्या टीव्हीखाली, थोरली एकटी टाळ्या वाजवायची.

शिवाय तिच्याकडे आणखी एक काम होतं, आणि ते मात्र तिला मनापासून आवडायचं. धाकटीची पुढची लढत जिच्याशी असेल, तिचे व्हिडिओ मास्तर थोरलीला दाखवायचे आणि म्हणायचे, "उद्यापासून तू ही." मग थोरली ती व्हायची. तिच्यासारखी उभी राहायची, तिच्यासारखी पकडायची, तिच्यासारखं पाऊल टाकायची. एक होती डावखुरी. तिने मागच्या वर्षी धाकटीला हरवलं होतं. तिच्यावर तोडगा सापडावा म्हणून थोरली वर्षभर डावखुरी झाली. डावखुरीला हल्ला करायच्या आधी खालचा ओठ दातात धरायची सवय होती. ती सवय थोरलीला इतकी चिकटली की लॉन्ड्रीत चादर ओढतानासुद्धा तिचा ओठ दातात जायचा. आई ओरडायची, "अगं, रक्त काढशील!"

हे सगळं असंच चाललं असतं. तिची तक्रारही नव्हती, किंवा होती तरी ती पोटात ठेवायची तिला सवय झाली होती. पण एका सकाळी मास्तर खंडाच्या स्पर्धेला जाणाऱ्यांची नावं वाचून दाखवत होते. खंडाची म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या देशांची, वर्षातली सगळ्यात मोठी. कुणीतरी विचारलं, "आणि थोरलीचं नाव कशात?"

"तिचं कसलं नाव घालायचं?" मास्तर म्हणाले. "ती गादीबरोबरच येते."

हॉल हसला. मास्तरांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे थोरलीलाही कळत होतं. ते रोजच असं काहीबाही बोलायचे. पण तिने सहज वळून पाहिलं तर धाकटीही हसत होती. मान मागे टाकून, मनमोकळं.

लगेच सराव सुरू झाला. धाकटीने नेहमीसारखी बाही धरली, कॉलर धरली आणि वळली. आणि थोरली पडली नाही. तिने टाचा रोवल्या, कंबर खाली घातली, अंग दगडासारखं जड केलं. मनात दुसरं काहीही नव्हतं. फक्त आज एकदा, ही एकच खेप, मी पडणार नाही, एवढंच. पण धाकटी वळली होती ती बहीण हलकी होऊन पाठीवर येणार या भरवशावर. वजन यायच्या जागी आलं नाही, आणि वरचं अंग वळलं तरी खालचा पाय जागीच अडकला. गुडघ्यातून आवाज आला. ओली जाड चादर फाटावी तसा. मग धाकटीची किंकाळी.

अपघात, असं सगळे म्हणाले. मास्तर म्हणाले, डॉक्टर म्हणाले, आईही रडत रडत तेच म्हणाली. खेळात असं होतंच. पण ज्युदो खेळणाऱ्या दोन माणसांत पडणारी कधी चुकून पडली नाही आणि कधी तिने पडायचं नाकारलं, यातला फरक त्या दोघींपासून लपत नाही. थोरलीला माहीत होतं, आणि धाकटीलाही माहीत होतं. धाकटीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोरगी चालेल, जिने चढेल, पण ज्युदोचं नाव काढायचं नाही. ते ऐकतानाही धाकटी छताकडे बघत राहिली. थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला वाटत होतं, हिने एकदा शिव्या द्याव्यात, अंगावर पाण्याचा ग्लास फेकून मारावा, काहीही करावं. पण नाही.

आता स्पर्धेला जाणार कोण? त्या वजनात पाठवण्याजोगी दुसरी पोरच नव्हती. मास्तरांनी सगळे दिवस धाकटीवर लावले होते. ते लॉन्ड्रीत आले. वाफेने भरलेल्या त्या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते आणि कुठे उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं.

"तू जा," ते म्हणाले.

थोरलीच्या हातात चादर होती. ती तशीच राहिली आणि रोलर रिकामाच फिरत राहिला.

"मी खोटं बोलणार नाही," मास्तर पुढे म्हणाले. "एक लढत जिंकलीस तर तुझं नाव संघात पक्कं. तुझं स्वतःचं. ते मी भांडून करून घेतो. पण पहिल्याच लढतीत हरलीस, तर वरचे लोक ऐकणार नाहीत. नव्या पोरी आणतील. आणि तुझं वय आता..."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

एक लढत. खरं तर जन्मभर तिने एवढंच मागितलं होतं, आणि मिळालं ते असं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. आपण जिंकलो तर त्या गुडघ्याला काही अर्थ राहील. घरात एक खेळाडू होती, एक राहील. आणि हरलो तर बहिणीचा गुडघा आपण नुसता मोडला. कशासाठी, तर एका हसण्यासाठी. हा विचार आला की तिला घास गिळवत नसे. एका परीने बरंच होतं म्हणा, कारण तिला वजन उतरवायचं होतं.

वजनाचीही एक गंमतच. धाकटीला दणकट माणूस पाडायची सवय राहावी म्हणून मास्तरांनी थोरलीला वर्षानुवर्षं खायला लावलं होतं. "खा, अजून एक अंडं खा, तू भारी असलीस तर ही पक्की होईल." आता तेच मास्तर तिच्या ताटाकडे डोळे वटारून बघायला लागले. थोरलीने भात सोडला, ब्रेड सोडला, शेवटी मीठही सोडलं. प्लास्टिकचं जाकीट घालून, त्यावर स्वेटर चढवून ती लॉन्ड्रीत गरम रोलरच्या अगदी तोंडाशी काम करायची. घाम बुटात उतरायचा. बरोबरच्या बायका आधी चेष्टा करत होत्या, "अगं, तुलाच इस्त्री होईल!" मग एकदा ती चादर धरल्या धरल्या खाली बसली आणि तिला उठता येईना, तेव्हा त्यांची चेष्टा बंद झाली. आईने तिच्या ओठाला ओला कपडा लावला. तिने तो बाजूला केला.

"जीव द्यायचाय का तुला?" आई म्हणाली.

"जिंकायचंय मला."

"एका पोरीचा पाय गेला माझ्या. दुसरीचं काय न्यायला निघालीस?"

थोरलीने पुढची चादर ओढली. बोलायला तोंडात ओलावा नव्हता, आणि जे बोलायचं होतं ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम राहिलं होतं. मोठ्या स्पर्धेत पाठीवर कापडी पट्टी लागते, वर आडनाव आणि खाली देशाची अक्षरं. नवी पट्टी मागवायला वेळ नव्हता. आई म्हणाली, आडनाव एकच तर आहे. तिने धाकटीचा ज्युदोचा डगला मांडीवर घेतला आणि ब्लेडच्या टोकाने पट्टीची शिवण उसवायला बसली. त्याच खोलीत धाकटी पाय उशीवर ठेवून पडली होती. टाका तुटला की बारीक टक असा आवाज यायचा. एवढीशी खोली, आणि टक, टक. पट्टी निघाली तेव्हा डगल्याच्या पाठीवर मागे राहिलेला चौकोन बाकीच्या कापडापेक्षा पांढराशुभ्र होता. आईने पट्टी थोरलीच्या डगल्यावर शिवायला घेतली.

"आई, सरळ लाव," धाकटी म्हणाली. "डावीकडे वर जाते तुझी."

कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती. थोरलीला भडभडून आलं. ती बादली घेऊन बाहेर गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली.

परदेशातल्या त्या हॉटेलची खोली, तिचा गालिचा, खिडकीबाहेरचा रस्ता, यातलं काही तिला आठवत नाही. आठवते ती बाथरूम. टबात सोसवेल तेवढं गरम पाणी, दार बंद, आणि बाहेरून मास्तरांचा आवाज, "आहेस ना? बोलत राहा." बाहेर आल्यावर ते तिला ब्लँकेटांत गुंडाळायचे आणि घाम टॉवेलने खरवडून काढायचे. शेवटी घाम यायचाही थांबला. मग तोंडात काहीतरी आंबट धरून थुंकत बसायचं. माणूस थुंकीनेही हलका होतो, हे त्या खेळातल्या लोकांशिवाय कुणाला सांगून पटायचं नाही. संध्याकाळी ती वजनाच्या काट्यावर उभी राहिली. काटा घुटमळला आणि बरोबर बसला. काट्याजवळच्या बाईने मान डोलावली. थोरलीने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पिता पिता रडायला लागली.

मग जोड्या लागल्या. पहिलीच लढत डावखुरीशी.

मास्तर खुर्चीतून उठून उभेच राहिले. "अगं, देवाने ऐकलं म्हण! तिला तुझ्याएवढं कोण ओळखतं? तिची आईसुद्धा ओळखत नसेल. वर्षभर तू तीच होतीस."

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या गळ्यात खेळाडूंच्या रंगाचं कार्ड होतं. दाराशी माणूस होता. त्याने कार्ड पाहिलं आणि दार उघडलं. इतकं साधं होतं ते. समोर पिवळी गादी, डोळे दिपवणारे दिवे, आणि निळ्या डगल्यात डावखुरी. टीव्हीत होती त्यापेक्षा ती लहानखुरी दिसत होती. घाबरलेलीही असावी.

पंचाने "हाजिमे" म्हटलं आणि लढत सुरू झाली. थोरलीने बाही धरली, आणि लॉन्ड्रीतली सगळी वर्षं तिच्या बोटांत उतरली. डावखुरी हाताला हिसके देत राहिली, पण बोटं सुटेनात. ती कुठे पाऊल टाकणार, कधी कंबर आत घालणार, हे थोरलीला तिच्याआधी कळत होतं. मग डावखुरीचा खालचा ओठ दातात गेला. थोरली बाजूला सरकली. डावखुरी वळली ती मोकळ्या जागेत, आणि थोरलीने तिला मागून उचलून कुशीवर पाडलं.

वाझा-आरी. अर्धी फेक, पण फलकावर थोरली पुढे. फलकावर तेच आडनाव होतं, पण या वेळी ते तिचं होतं. कडेच्या खुर्चीतून मास्तर घसा फोडून ओरडत होते, "लांब राहा! आता काही करू नकोस, फक्त उभी राहा!"

आयुष्यात प्रथमच तिला कुणीतरी फक्त उभी राहा म्हणून सांगत होतं.

ती उभी राहिली. डावखुरी चाल करून येत होती, ही मागे सरत होती. पंचाने एकदा ताकीद दिली, तरी चालण्यासारखं होतं. वेळ संपत आली होती. डावखुरीचे केस सुटले होते, तोंड लाल झालं होतं, आणि तिचा धीर सुटत चालला होता. थोरलीला तिची दयाच आली असती, पण दया करायला डोक्यात जागा नव्हती. तिथे एका गुडघ्याशिवाय काहीच मावत नव्हतं. अजून थोडा वेळ, आणि तो फुकट गेला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

शेवटच्या क्षणी डावखुरीने हात बदलला. डावीकडचं सगळं फसल्यावर माणूस दुसरं करणार तरी काय? तिने उजवा हात कॉलरवर टाकला, डाव्याने बाही ओढली आणि उजव्या बाजूने वळली. तिची पाठ थोरलीच्या पोटाला लागली.

ही डावखुरीची फेक नव्हतीच. ही धाकटीची होती. तीच बाही, तीच कॉलर, तेच वळणं. फेकही तशी काही फार चांगली नव्हती, धाकटीच्या पासंगालाही पुरली नसती. थोरलीने नुसती कंबर खाली घातली असती तरी डावखुरी तिथेच अडकली असती. अंग जड करणं थोरलीला येत होतं. आयुष्यात एकदा केलंही होतं, आणि त्यातून कसला आवाज येतो तो तिने ऐकला होता.

टाचा उचलल्या गेल्या. कुणी उचलल्या हे तिला विचारू नका. ती शपथेवर सांगते, मी काही केलं नाही. आणि ते खरंच आहे. अंग हलकं झालं, डावखुरीच्या पाठीवरून सरसरत निघालं, समोरच्या माणसाच्या कमरेला, गुडघ्याला जराही ताण पडू नये असं अलगद. वरचे दिवे गोल फिरले. मग हात गादीवर बसला. फाडकन. केवढा स्वच्छ आवाज! एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये तो कोपऱ्यापर्यंत ऐकू गेला. थोरलीने तो ऐकला आणि पडल्या पडल्या तिला कळून चुकलं.

इप्पॉन. पूर्ण फेक. लढत तिथेच संपली. लोक टाळ्या वाजवत होते. एवढी देखणी फेक सकाळपासून झाली नव्हती.

बाहेरच्या बोळात मास्तरांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पडलीस मात्र झकास."

बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. पण शब्द गेला होता. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीला टेकून खाली सरकली, टॉवेल तोंडात कोंबला आणि ओरडली. दाराशी उभा असलेला माणूस दुसरीकडे बघायला लागला.

ती घरी पोचली तेव्हा दुपार होती. आई कामावर गेली होती. धाकटी पलंगावर बसून होती, पायाला पट्ट्यांचा पिंजरा, शेजारी मोबाइल पालथा ठेवलेला. थोरलीने बॅग कोपऱ्यात ठेवली.

"ताई, पाहिली मी लढत."

"हं."

"पुढे होतीस तू."

"होते."

"पाणी घे आधी. ओठ बघ कसे झालेत."

थोरलीने पाणी घेतलं. धाकटी चादरीचा कोपरा बोटांत पिळत होती.

"ती डावखुरी तुझी कोण लागते गं?"

"कोण लागणार? कुणी नाही."

"कुणी नाही ना? मग तिला टाचा उचलून दिल्यास. मी परत परत पाहिलं. जराही अडवलं नाहीस. तिचा गुडघा जपलास." तिचा आवाज फाटला. "मग माझ्यासाठी त्या एका दिवशी का नाही पडलीस, ताई?"

या प्रश्नाची थोरली इतके दिवस वाट बघत होती. उत्तरंही जमवून ठेवली होती तिने. पाय घसरला, गादी ओली होती, लक्ष नव्हतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"तू हसलीस," ती म्हणाली.

"कधी?"

"मास्तर म्हणाले, ही गादीबरोबरच येते. तेव्हा."

धाकटीने कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा तिने अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. थोरली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काहीच उमटलं नाही.

"मला आठवत नाही," धाकटी म्हणाली. आणि मग पहिल्यांदा, ऑपरेशननंतर अगदी पहिल्यांदा, ती ढसाढसा रडायला लागली. "मला आठवतसुद्धा नाही गं."

थोरली पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहिली. जवळ जावं की नाही, तिला कळेना. गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

रडणं ओसरल्यावर धाकटीने नाक पुसलं. "बाथरूमला जायचंय. आई येईपर्यंत थांबवत नाही. उठव मला."

थोरली जवळ गेली, वाकली. धाकटीने एका हाताने तिची बाही धरली आणि दुसऱ्याने कॉलर. दुसरं काही धरायची त्या हातांना सवयच नव्हती. तिने ओढ घेतली, आणि थोरलीच्या टाचा जमिनीवरून सुटू लागल्या.

"ताई!" धाकटी घाबरून ओरडली.

थोरलीने टाचा खाली दाबल्या. कंबर खाली घातली आणि अंग जड केलं, होतं नव्हतं तेवढं. धाकटीचा सगळा भार तिच्यावर आला आणि तिने तो पेलला. धाकटी एका पायावर उभी राहिली. मग बाही न सोडता दोघी हळूहळू बाथरूमकडे निघाल्या.